दामोदर कोसंबी आणि स्वतंत्र साक्षीदार

गहू, भात किंवा हरभरा यांसारख्या पिकाचा जनुकीय नकाशा तयार करणाऱ्या संशोधकाला संगणकावर एका टप्प्याला एक छोटीशी निवड करावी लागते. दोन जनुकांमधले अंतर कोणत्या सूत्राने काढायचे, असा तो प्रश्न असतो आणि समोर साधारणपणे दोन नावे असतात, हॅल्डेन आणि कोसंबी. अनेक जण दुसऱ्या नावावर टिचकी मारून पुढे जातात. हे सूत्र १९४४ साली 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात आलेल्या अवघ्या चार पानांच्या लेखातले आहे आणि ते मांडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो, नाणेशास्त्राचे अभ्यासक त्यांना आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, प्राचीन नाण्यांमुळे ओळखतात, संस्कृतचे अभ्यासक भर्तृहरीच्या चिकित्सित, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या, आवृत्तीमुळे. या मंडळींना एकमेकांचे कोसंबी क्वचितच माहीत असतात.

मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या व्यवसायात दरवर्षी एक तक्ता भरावा लागतो, ज्यात आपल्या लेखांचे संदर्भ किती जणांनी दिले, ते ज्या नियतकालिकांत आले त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यांतल्या लेखांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी) किती, एच-इंडेक्स (आपल्या लेखांची संख्या आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला निर्देशांक) किती, असे रकाने असतात आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढला जातो. भाषा, इतिहास, रसायन आणि गणित या सगळ्यांना तक्ता जवळपास एकच. या तक्त्याला नावे ठेवणे सोपे आहे आणि सगळेच ठेवतात. पण त्यात नेमके काय चुकते हे मला कोसंबींच्या निरनिराळ्या कामांकडे एकत्र पाहताना जितके स्पष्ट दिसले तितके कुठल्याही धोरणाच्या अहवालात दिसले नाही. त्यांनी ज्या ज्या शाखेत काम केले, तिथे पुराव्याचे वजन ठरवण्याची रीत वेगळी होती, मात्र प्रत्येक रीतीच्या मुळाशी प्रश्न एकच होता. आपल्यापुढे उभे असलेले साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, की एकच साक्षीदार वेगवेगळे कपडे घालून पुन्हा पुन्हा येतो आहे?

सुरुवात जनुकांपासूनच करू. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा वेगळी होतात हे प्रयोगात मोजता येते. पण या टक्केवारीवरून अंतर काढताना अडचण येते, कारण जोडीतल्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची त्या दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्रच दिसतात आणि ती घटना मोजणीतून निसटते. निसटलेल्या घटनांचा अंदाज बांधण्यासाठी जे. बी. एस. हॅल्डेन यांनी १९१९ साली सूत्र दिले आणि त्यात असे धरले की गुणसूत्रावर एका जागी झालेल्या अदलाबदलीचा शेजारच्या जागेवर काहीही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात तसे नसते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हे परावलंबन सूत्रात आणले, तेही अशा रीतीने की जवळच्या जनुकांसाठी त्याचा परिणाम जास्त राहील आणि अंतर वाढेल तसा तो विरत जाईल. दोन जनुके २० टक्के वेळा वेगळी होत असतील तर हॅल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन (जनुकीय अंतराचे एकक) येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. जे स्वतंत्र नाही ते स्वतंत्र आहे असे मानण्याची किंमत किती, हे या दोन आकड्यांतल्या फरकात दिसते.

नाण्यांचे काम याच्या थोडे आधीचे आहे. १९२४ साली तक्षशिलेच्या भीर टेकाडात आहत नाण्यांचा मोठा निधी, म्हणजे पुरून ठेवलेला साठा, सापडला. त्यात हजाराहून अधिक चांदीची आहत नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची जवळजवळ न झिजलेली नाणीही होती, त्यामुळे निधी पुरला गेल्याचा काळ ठरवायला आधार मिळाला. आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. पुढच्या बाजूला बहुधा पाच ठसे असतात आणि मागच्या बाजूला कमीअधिक संख्येने लहान ठसे. अशा मुक्या नाण्यांचा क्रम कसा लावायचा हा नाणेशास्त्राचा जुना प्रश्न होता आणि तोवर तो मुख्यतः चिन्हांच्या अर्थावर तर्क लढवून सोडवला जात असे. कोसंबींनी चिन्हांचे अर्थ बाजूला ठेवले आणि वजनाकडे पाहिले. टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजने ठराविक मापाच्या आसपास असतात. चलनात फिरताना प्रत्येक नाणे थोडे थोडे झिजते. सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून जितका काळ जाईल तितके सरासरी वजन उतरत जाते आणि वजनांमधली तफावत वाढत जाते. या अपेक्षेने नाणी लावली तेव्हा त्यांना आढळले की मागच्या बाजूवरच्या ठशांची संख्या जसजशी वाढते तसतशी सरासरी उतरते. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे मागचे ठसे म्हणजे सराफांनी किंवा व्यापारी श्रेणींनी वेळोवेळी नाणे तपासल्याच्या खुणा असाव्यात.

माझ्या मते या कामातला सगळ्यात शहाणपणाचा भाग त्यापुढचा आहे. प्राचीन नाण्यांवर ही पद्धत वापरणे योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी कोसंबींनी स्वतःच्या काळात चलनात असलेली, ज्यांचे साल छापलेलेच आहे अशी नाणीही हजारोंनी तोलली. जिथे उत्तर आधीच माहीत आहे तिथे पद्धत खरी उतरते का, ते आधी पाहायचे आणि मगच जिथे उत्तर माहीत नाही तिथे ती न्यायची, ही शिस्त त्या काळच्या नाणेशास्त्रात कुणाला फारशी परिचित नव्हती.

हा प्रयोग मी वर्गात करून घेतो. त्यासाठी २०११ नंतरची हलकी रुपयाची नाणी उपयोगाची नाहीत, कारण ती पोलादाची असल्यामुळे झिजता झिजत नाहीत आणि त्यांचे प्रमाण वजनही जुन्या रुपयाहून वेगळे आहे. जुनी, जाड, नऊ ग्रॅमची पाच रुपयांची नाणी मात्र उत्तम. मुले घरून, किराणा दुकानातून आणि देवळाच्या पेटीची मोजदाद करणाऱ्या ओळखीच्या काकांकडून नाणी आणतात, सालाप्रमाणे ढीग लावतात आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक नाणे ठेवून वजन वहीत उतरवतात. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा सारखा हलत राहतो, म्हणून पंखा बंद करावा लागतो, आणि एप्रिलमध्ये त्यावरून वर्गात बंड होते. जुन्या ढिगांची सरासरी किंचित खाली आणि पसारा किंचित जास्त, असे चित्र हळूहळू दिसू लागते.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, हे नाणं दहा वर्षं कुणाच्या गल्ल्यातच पडून असेल तर? मग ते झिजणार कसं?" नाणेशास्त्रज्ञ या पद्धतीकडे संशयाने पाहतात तो नेमका याच कारणाने. निधी म्हणजे चलनातून चिठ्ठ्या टाकून उचललेला नमुना नव्हे. तो कुणीतरी साठवून पुरलेला ऐवज असतो, त्यात साठवणाऱ्याने चांगली जड नाणी निवडून ठेवली असण्याची शक्यता असते, जमिनीत असताना चांदीवर क्षार चढतात आणि संग्रहालयात ते काढताना थोडी चांदीही जाते. एका निधीतली हजार नाणी हे हजार स्वतंत्र साक्षीदार की एकाच सावकाराच्या हाताची हजार बोटे, हे काट्यावर कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या जागी सापडलेला दुसरा निधी हवा. कोसंबींचे सगळे निष्कर्ष नाणेशास्त्रज्ञांनी स्वीकारले असे झाले नाही. पण वजनांची नोंद न करता निधी प्रसिद्ध करणे त्यानंतर अवघड झाले पाहिजे होते, आणि ते पुरेसे झाले नाही याचे मला वाईट वाटते.

हीच शंका पाठचिकित्सेत, म्हणजे हस्तलिखितांतले वेगवेगळे पाठ (शब्दरूपे) ताडून मूळ संहिता ठरवण्याच्या कामात, कितीतरी जुनी आहे आणि तिथे ती पद्धतशीर शास्त्र बनली आहे. पुण्यात त्याचे सगळ्यात मोठे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती. १९१९ साली काम सुरू झाले, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुखठणकर मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले आणि नंतर बर्लिनला संस्कृतकडे वळलेले होते, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. त्यांच्या कार्यालयातल्या तौलनिक पत्रकांवर प्रचलित संहितेचा श्लोक वरती अक्षर अक्षर सुटे करून लिहिलेला असे आणि खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक आडवी ओळ, जिच्यात जिथे पाठ वेगळा असेल तिथे त्याच अक्षराच्या रकान्यात तो भरायचा. एखाद्या पोथीत लांबलचक जादा मजकूर निघाला तर तो वेगळ्या शोधपत्रावर उतरवून जोडायचा. प्रत्येक श्लोकासाठी किमान दहा हस्तलिखिते अशी तपासली गेली आणि आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायांसाठी त्याहून कितीतरी जास्त.

इतके सगळे मोजून झाल्यावर निर्णय मात्र बहुमताने होत नसे. एखादा पाठ ऐंशी पोथ्यांत आहे आणि दुसरा सातच पोथ्यांत, म्हणून पहिला खरा असे होत नाही, कारण त्या ऐंशी पोथ्या एकाच पोथीच्या नकला असतील तर तो एकच साक्षीदार झाला. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, ज्यांच्या नकलाकारांचा शतकानुशतके एकमेकांशी संबंध आला असण्याची शक्यता फारच कमी, त्या दोघी जर एकच पाठ देत असतील तर तो पाठ बहुधा फाटे फुटण्याच्या आधीचा. व्यासांच्या सांगण्यावरून गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ती असंख्य पोथ्यांत आहे, तरीही ती मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली, ती याच न्यायाने. आणि जिथे पुराव्यावरून नक्की ठरवता येत नव्हते तिथे संपादकांनी छापील शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. भौतिकशास्त्रज्ञ आपल्या मोजमापापुढे अधिक-उणे चिन्ह घालून जी कबुली देतो, तीच कबुली ही रेघ देते. जिच्यात अशी एकही रेघ नाही ती आवृत्ती मला जास्त विश्वासार्ह वाटत नाही, कमी वाटते.

कोसंबींनी भर्तृहरीच्या शतकांवर हीच शिस्त चालवली. वामनपंडितांच्या समश्लोकीमुळे मराठी माणसाला नीतिशतक घरचेच वाटते. तीन शतके म्हणजे तीनशे श्लोक असायला हवेत. पण पोथी बदलली की श्लोक बदलतात, क्रम बदलतो आणि नीतीतला श्लोक वैराग्यात जाऊन बसतो, कारण सुभाषिते उचलून दुसरीकडे घालणे फार सोपे असते. शेकडो हस्तलिखिते तपासून १९४८ साली कोसंबींनी जी आवृत्ती प्रसिद्ध केली तिच्यात एकूण ८५२ श्लोक तीन गटांत लावले आहेत. पहिले २०० बऱ्यापैकी खात्रीचे, त्यापुढचे १५२ संशयित आणि उरलेले ५०० इकडून तिकडून भर्तृहरीच्या नावावर आलेले. ज्या कवीच्या नावावर साडेआठशे श्लोक फिरतात त्याच्यासाठी फक्त दोनशेंची ग्वाही देणारा संपादक आजच्या तक्त्यात उत्पादनक्षमतेत मार खाईल.

गणितात मात्र त्यांचे जे झाले ते वेगळे आणि क्लेशदायक आहे. १९५९ साली भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात मूळ संख्यांच्या मांडणीविषयीच्या, आजवर सिद्ध न झालेल्या रीमान गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा होता. मूळ संख्यांच्या मांडणीला यादृच्छिकतेचे (योगायोगाचे) नियम लावून काढलेली ही वाट गणितज्ञांनी स्वीकारली नाही आणि त्या प्रकरणाने गणिताच्या जगात कोसंबींची पत घसरली, ती त्यांच्या हयातीत सावरली नाही. नाण्यांच्या बाबतीत ज्या विचाराने प्रकाश पडला होता तोच विचार इथे पुरावा म्हणून चालला नाही.

याचे कारण गणितज्ञांचा अहंकार नसून त्यांना बसलेले चटके आहेत. दिलेल्या संख्येपर्यंत किती मूळ संख्या आहेत याचा अंदाज देणारे एक सूत्र आहे. आजवर जिथपर्यंत प्रत्यक्ष मोजणी झाली तिथपर्यंत प्रत्येक वेळी ते सूत्र खऱ्या संख्येहून किंचित जास्तच उत्तर देते, एकदाही कमी नाही. इतक्या निरपवाद पुराव्यावर नाणेशास्त्रज्ञ, वैद्य, अर्थशास्त्रज्ञ सगळेच समाधानाने झोपतील. पण १९१४ साली लिटलवुड यांनी सिद्ध केले की पुढे कुठेतरी हे नाते उलटते आणि एकदाच नव्हे तर अनंत वेळा उलटते. अब्जावधी उदाहरणे एकाच बाजूने साक्ष देत असली तरी ती सगळी लहान संख्यांच्या एकाच वस्तीतली होती. म्हणून गणितात संभाव्यतेचा अंदाज वाट शोधायला चालतो, मुक्कामाचा दाखला म्हणून चालत नाही. भौतिकशास्त्राने मधली जागा निवडली आहे. नवा कण सापडल्याचे म्हणण्यासाठी निरीक्षण निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी असावी, असा पाच सिग्माचा संकेत तिथे पाळला जातो आणि ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हिग्ज कणाची घोषणा झाली तेव्हा दोन वेगवेगळ्या शोधगटांनी, वेगवेगळ्या उपकरणांवर, तो उंबरठा गाठल्याचे सांगितले होते. दोन गट असणे महत्त्वाचे. त्याच्या आदल्या वर्षी न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगाने धावल्याचे दाखवणारा सहा सिग्माचा निकाल एका प्रयोगाने दिला होता. शेवटी दोष नीट न बसलेल्या एका प्रकाशतंतूच्या जोडणीत निघाला. सिग्मा योगायोगाचा हिशेब देतो, सैल जोडणीचा देत नाही.

इतिहासाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, वाड्यावस्त्यांवरच्या शेंदूर लावलेल्या देवी, दगडी हत्यारांचे तुकडे आणि कार्ल्याची लेणी यांचा कोसंबींनी एकत्र विचार केला, तो ग्रंथांची साक्ष ज्या राजदरबारी व पुरोहिती हातांतून आली त्या हातांच्या बाहेरची साक्ष मिळावी म्हणून. शेतातल्या दगडाने पुराण वाचलेले नसते, एवढाच त्यामागचा मुद्दा होता.

आता त्या तक्त्याकडे येतो. आपण ज्याला संशोधनाचा प्रभाव म्हणतो तो बहुतेक ठिकाणी संदर्भोल्लेखांच्या संख्येने मोजला जातो. म्हणजे किती जणांनी लेखाची साक्ष काढली हे मोजायचे आणि ते सगळे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरायचे. हे गृहीतक किती पोकळ आहे हे मिखाइल सिमकिन आणि वाणी रायचौधुरी या दोघांनी २००३ साली मजेशीर पद्धतीने दाखवले. त्यांनी भौतिकशास्त्रातला एक गाजलेला लेख घेतला, ज्याला तोवर सुमारे ४३०० संदर्भ मिळाले होते. त्यांपैकी १९६ संदर्भांत खंड, पान किंवा साल चुकीचे छापले होते. पण चुकांचे वेगळे प्रकार ४५च निघाले आणि पानाच्या आकड्यातली एक विशिष्ट चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. पानाचा आकडा चुकवण्याच्या असंख्य तऱ्हा असताना ७८ माणसांनी आपापल्या बुद्धीने तीच चूक करणे शक्य नाही. त्यांनी मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या यादीतून ओळ उतरवली. या हिशेबावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्साच मूळ लेख वाचत असावा. सुखठणकरांनी हे वाचले असते तर त्यांना त्यात नवल वाटले नसते. समान चूक म्हणजे समान पूर्वज, हा पोथ्यांची वंशावळ लावण्याचा पहिला नियमच आहे. फरक इतकाच की भांडारकर मंदिरात असा नियम लावून नकला वगळल्या जात, आणि आमच्या तक्त्यात नकलांनाही गुण मिळतात.

संदर्भाच्या विश्वासार्हतेची थट्टा खुद्द कोसंबींनीही तरुणपणी केली होती. फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या चिथावणीवरून १९३१ साली त्यांनी एका भारतीय नियतकालिकात बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार म्हणून लेख लिहिला. असा रशियन गणितज्ञ नव्हताच. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन विसाव्या शतकातले गणित बदलून टाकले, आणि छापील शोधलेखात या नावाचा पहिला संदर्भ अशा रीतीने एका मराठी माणसाच्या थट्टेच्या लेखात सापडतो.

इम्पॅक्ट फॅक्टरचा जन्म मुळात माणसे तोलण्यासाठी झाला नव्हता. युजीन गारफील्ड यांना आपल्या संदर्भसूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवायचे होते आणि पुढे ग्रंथपालांनाही वर्गणी कुठे भरावी यासाठी तो आकडा उपयोगी पडला. आदल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या, इतके साधे गणित. जीवशास्त्रात, जिथे शेकडो प्रयोगशाळा एकाच विषयामागे धावतात आणि लेख लवकर जुना होतो, तिथे दोन वर्षांची खिडकी काहीतरी सांगते. गणितात सर्वोत्तम नियतकालिकांचा हा आकडा एक अंकी असतो, तर एका वैद्यकीय नियतकालिकाचा शेकड्यांत जातो; आणि इतिहासात, जिथे ग्रंथाला वाचक मिळायलाच दहा वर्षे लागतात, तिथे या खिडकीतून काही दिसतच नाही. कोसंबींचा १९४३ सालचा एक लेख घ्या. यादृच्छिक फलनांचे विशिष्ट श्रेणीत विघटन करण्याची त्यांची कल्पना 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये आली आणि युद्धाच्या धामधुमीत भारताबाहेर जवळपास कुणी ती वाचली नाही. थोड्याच वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडले आणि प्रमेयाला त्या दोघांची नावे मिळाली. आज संदेशप्रक्रिया आणि प्रतिमांच्या विश्लेषणात ते सर्रास वापरले जाते आणि काही लेखक आता त्या नावात कोसंबींचे नाव पहिले घालतात. दोन वर्षांनी मोजले असते तर त्या लेखाचा प्रभाव शून्य होता.

जनुकीय सूत्राचे याच्या उलट झाले. ते इतके मुरले की पुष्कळ लेखांत 'कोसंबी सूत्र वापरले' एवढेच वाक्य असते आणि मूळ लेखाचा उल्लेखच नसतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे फार पूर्वी लक्ष वेधले होते की सर्वाधिक यशस्वी कल्पना सर्वांच्या बोलण्यात मिसळून जाते आणि तिचे संदर्भ उलट घटतात. संदर्भ मोजणाऱ्याला तिथे प्रभाव ओसरलेला दिसतो.

आपल्याकडे २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांच्या तक्त्याशी बांधल्या आणि नियतकालिकांच्या मान्यतेची यादी आली. त्याचा परिणाम काय झाला हे पुण्यातूनच उघडकीला आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये या यादीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १००९ त्यांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे दाखवले. काहींचे पत्ते खोटे होते, काहींचे संपादक, तर काहींचा इम्पॅक्ट फॅक्टरच बनावट होता. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नियतकालिके यादीतून काढली, पुढे केअर नावाची नवी यादी पुण्याच्याच कक्षातून चालली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली.

कागदावर हा निर्णय मला योग्य वाटतो. प्रत्येक शाखेने आपल्या पुराव्याची रीत स्वतः सांगावी, पाठचिकित्सकाला त्याने किती पोथ्या स्वतंत्रपणे पडताळल्या ते विचारावे, प्रायोगिक शास्त्रज्ञाला त्याचा निकाल दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत निघाला का ते, आणि गणितज्ञाला फक्त सिद्धता दाखवायला सांगावे. त्यासाठी निवड समितीतल्या माणसांना उमेदवाराचे दोन-तीन लेख खरोखर वाचावे लागतील आणि संदर्भ देणाऱ्यांपैकी काहींनी त्या लेखाचे पुढे काय केले हेही पाहावे लागेल. एका दुपारी तीस उमेदवार संपवणाऱ्या समितीला ते जमणार नाही, आणि आमच्या समित्या एका दुपारीच भरतात. त्यामुळे बहुतेक संस्था केअरच्या जागी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय संदर्भसूचींची यादी लावतील, मराठीत इतिहास किंवा लोकसाहित्य लिहिणारा संशोधक त्या यादीत शोधूनही सापडणार नाही, आणि तक्त्यातले रकाने तेच राहतील असा माझा अंदाज आहे.